सुरी न लावलेला भोपळा

बॉस्टनच्या पश्चिमेला, लेक्सिंग्टन आणि कॉनकॉर्ड या गावांच्या आसपास, ऑक्टोबर लागला की प्रकाशाचा वर्णच पालटतो. दिवस झपाट्याने आखडू लागतात, मेपलच्या पानांतील हरितद्रव्य ओसरते आणि उन्हाळाभर त्याच्या आड दडलेला पिवळा-नारिंगी रंग उघडा पडतो. हा रंग कॅरोटीनच्या कुळातील द्रव्यांचा. भोपळ्याच्या गराला वर्ण देणारी द्रव्येही त्याच कुळातली. त्यामुळे जे वर झाडांवर, तेच खाली शेतांत, दुकानांच्या पायऱ्यांवर आणि घरांच्या ओसरीवर दिसते. २०२४च्या शरदात मी दोन महिने या परगण्यात होते, आणि या काळात भोपळा नसलेला उंबरठा मला क्वचितच आढळला.

या भागात शेतकऱ्यांची स्वतःची विक्रीची दालने रस्त्यालगत असतात. तेथे भोपळ्यांचे ढीग रचलेले असतात: फाकीफाकींचे मोठे नारिंगी, मिठाईच्या कामाचे लहान गोड, पांढरेशुभ्र, राखी-हिरवट, आणि तळहातावर मावतील असे इवलेसे. थेट शेतात जाऊन वेलावरचा भोपळा निवडण्याची हौसही येथे मोठी आहे. परंतु वेलींचे जाळे, ओली माती आणि सुकलेले गवत यांतून काठी किंवा चाकांची खुर्ची नेणे अवघड. ज्येष्ठांना बरोबर न्यायचे असेल, तर फरसबंद वाहनतळ असलेले दालनच बरे. भोपळा निवडताना बूड सपाट आहे ना, देठ वाळलेला व घट्ट आहे ना, सालीला मऊ डाग नाहीत ना, एवढे पाहावे. देठाला धरून तो कधीही उचलू नये. देठ तुटतो, आणि तेथूनच सड लागते.

भोपळ्याचे हे कूळ मूळचे अमेरिका खंडातलेच. न्यू इंग्लंडचे आदिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावीत. ‘स्क्वॉश’ हा इंग्रजी शब्दसुद्धा त्यांच्यापैकी नॅरागॅन्सेट लोकांच्या भाषेतून आला आहे. आपला लाल भोपळाही त्याच खंडातून समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. कोहळा आणि दुधी मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीचे. लेकीकडून परत निघालेल्या म्हातारीने वाघाला चकवण्यासाठी कोणत्या भोपळ्यात बैठक मारली, हे सांगणे त्यामुळे कठीणच!

भोपळा कोरून त्यात दिवा ठेवण्याची रीत आयरिश स्थलांतरितांनी आणली. मायदेशी ते सलगम कोरीत, येथे त्यांना त्याहून मोठे आणि कोरायला सोपे फळ सापडले. न्यू हॅम्पशायरमधील कीन या गावात १९९१ साली भोपळ्यांचा उत्सव सुरू झाला आणि २०१३ मध्ये तेथे ३०,५८१ कोरीव भोपळे एकाच वेळी उजळले. तो त्या वेळचा विक्रम होता. दृश्य भव्य खरे. पण कोरलेला भोपळा हा फार अल्पायुषी. साल फुटली की हवा आणि बुरशी आत शिरते, आणि चार-सहा दिवसांत त्याचे तोंड बोळक्यासारखे आत ओढले जाते. अखंड भोपळा मात्र कोरड्या, गार जागी आठवडेच्या आठवडे टिकतो. शिवाय कोरायचे म्हणजे जाड, निसरड्या सालीत सुरी खुपसायची. हाताचे शल्यविशारद येथे दर ऑक्टोबरला या जखमांविषयी सावध करतात. ज्यांची त्वचा वयाने पातळ झाली आहे, किंवा ज्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या बाबतीत ही सावधगिरी किती मोलाची, ते सांगायला नको.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, येथे येऊन पन्नास वर्षे होत आली. गल्लीतल्या मुलांच्या तीन पिढ्यांनी तिच्या दारचे कोरीव भोपळे पाहिले आहेत. चार वर्षांपूर्वी तिला कंपवात झाल्याचे निदान झाले. आधी अक्षर मुंगीएवढे झाले, मग धनादेशावरील सही सोडली, मग रांगोळी. दाजी तिची सेवा मनोभावे करतात. पण सेवा करणाऱ्याच्या मनात भीतीने एकदा घर केले, की तो एकेक वस्तू माणसाच्या हातून काढून घेऊ लागतो. त्या वर्षी सुरी गेली.

“सुरी नको म्हणता, ते पटतंय मला,” अक्का दाजींना म्हणाली, “पण मग दार मोकळंच ठेवायचं का? पोरं समजतील, म्हातारी गेली.”

दाजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अक्काच्या व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंपुढे हा विषय निघाला आणि त्यांनी सहज विचारले, “रंगवत का नाही?” न कोरता केवळ रंगवलेल्या भोपळ्यांची प्रथा अलीकडे येथे बरीच रुळली आहे. लहान मुलांच्या शाळांतून आणि ज्येष्ठांच्या दिवसा-केंद्रांतून तर हेच पसंत केले जाते.

कंपवाताचा थरथराट बहुधा हात स्वस्थ असताना अधिक दिसतो. हेतुपूर्वक हालचाल करताना अनेकांचा तो थोडा ओसरतो. शिवाय समोर ठळक खुणा किंवा रेषा असतील, तर हालचाल आक्रसत नाही, मोठी राहते. भोपळ्याच्या अंगावरच्या फाका म्हणजे निसर्गाने आखून दिलेल्या रेषाच! अर्थात याने आजार हटतो, असा समज कोणी करून घेऊ नये. औषधाची वेळ सांभाळावी आणि औषधाचा गुण चांगला असतो तो काळ अशा कामासाठी राखावा. आम्ही सकाळी साडेदहाची वेळ ठरवली.

भोपळा गोल, म्हणून घरंगळतो. त्यावर आमच्या आईचाच उपाय कामी आला: जुन्या पंचाची चुंबळ. डोईवर घागर तोलणाऱ्या चुंबळीत भोपळा असा काही बसला, की तज्ज्ञ बाईंनी तिचे छायाचित्र काढून नेले. खालचे कापड गडद रंगाचे घेतले, म्हणजे भोपळ्याची कड डोळ्यांना स्पष्ट दिसते. कुंचल्याच्या दांड्याभोवती मऊ स्पंज गुंडाळून तो जाड केला. बसायला हातांची भक्कम खुर्ची आणि कोपर टेकायला टेबल, एवढे जमले की काम निम्मे झाले.

भोपळा आदल्या दिवशी साबणाच्या पातळ पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. सालीवरील मेणचट थर निघाला नाही, तर रंग सुटून येतो. पाण्यात मिसळणारे, विषारी नसल्याची नोंद असलेले ॲक्रिलिक रंग घ्यावेत. पहिला हात पांढऱ्याचा द्यावा, तो वाळू द्यावा आणि मग नक्षीकडे वळावे. चकाकीसाठी वरून फवारायचे द्रव्य मिळते. पण ते घराबाहेर आणि धडधाकट माणसानेच फवारावे. दमेकऱ्याने त्या वासापासून दूरच राहावे.

अक्काने पहिल्या दिवशी रेघ ओढून पाहिली. ती वाकडी गेली, तशी तिने कुंचला खाली ठेवला. मग मी तिच्या हाती पेन्सिल दिली, उलटी, खोडरबराचे टोक रंगात बुडवून. ठिपका देताना हाताचा स्पर्श क्षणभराचाच, त्यामुळे थरथरीला वावच कमी. अकरा ठिपके, मग नऊ, मग सात... ठिपक्यांची रांगोळी भोपळ्याच्या पोटावरून चढू लागली. ठिपके जोडण्याच्या रेषा दुसऱ्या दिवशी मी काढल्या. तिसऱ्या दिवशी तिने मला त्या काढू दिल्या नाहीत.

आमचे माहेर मिरजेचे. तेथील तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे भोपळ्यावर रंग आणि चकाकी चढताना आम्ही लहानपणी तासन् तास पाहिली आहे. त्यामुळे या कामाचे परकेपण अक्काला वाटले नाही. एका भोपळ्याला तिने गेरूसारखा तांबडा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्याने पालघरच्या वारली पद्धतीची माणसे काढली: दोन त्रिकोण, एक वर्तुळ, चार काड्या. थोडी वेडीवाकडी झालेली माणसे अधिकच नाचरी दिसली! ज्यांना कुंचला धरवत नाही, त्यांनी कपड्याच्या चिमट्यात स्पंजाचा तुकडा धरून नुसते थोपटावे. देठापासून बुडापर्यंत रबराची कडी ताणून मधल्या पट्ट्या रंगवल्या आणि मग कडी काढली, की सरळ रेघा आपोआप उमटतात. गळलेली मेपलची पाने गोंदाने चिकटवणे हा तर सर्वांत सोपा प्रकार.

मला मात्र सर्वांत आवडला तो फळ्याच्या काळ्या रंगाचा भोपळा. त्यावर खडूने लिहिता-पुसता येते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या घरी त्यावर रोज ठळक अक्षरांत वार आणि तारीख लिहावी. शोभेची शोभा, आणि मनाला दिवसाचा आधार. मात्र अशा व्यक्तीच्या हाती रंग देताना कोणीतरी शेजारी बसावेच, कारण रंगाची वाटी सरबताची वाटू शकते. या सणात दारोदार टांगले जाणारे सांगाडे आणि भुते त्यांना भेदरवतात. फुलापानांचे रंगीत भोपळे त्या मानाने सौम्य.

दारातला एक भोपळा अक्काने निळसर-हिरव्या मोरपिशी रंगाने सबंध रंगवला. त्यामागे एक सामाजिक संकेत आहे. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांना शेंगदाणा किंवा दुधाचा अंशही घातक ठरू शकतो, आणि हॅलोविनच्या रात्री तर झोळीत गोडधोडच पडते. दारी या रंगाचा भोपळा दिसला, की तेथे खाऊऐवजी पेन्सिल, चेंडू, चित्रांच्या चिकटपट्ट्या असे काही मिळणार, हे मुलांना कळते. टेनेसी राज्यातील एका आईच्या कल्पनेतून हा उपक्रम निघाला आणि २०१४ पासून ‘फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन’ या संस्थेने तो देशभर नेला.

त्या वर्षी भारतात नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती, आणि अमेरिकेत लक्ष्मीपूजनही नेमके हॅलोविनच्याच सायंकाळी आले. कोकण-गोव्यात चतुर्दशीच्या पहाटे पायाखाली चिरडतात ते कारीटही भोपळ्याच्याच कुळातले. हा योग अक्कानेच दाजींना समजावून सांगितला. पणत्या आम्ही देवघरातच लावल्या. मुलांचे झुळझुळीत पोशाख ज्योतीला लागू नयेत म्हणून ओसरीवर विजेरीचे दिवे ठेवले. पायऱ्यांवरची ओली पाने दाजींनी दुपारीच झाडून काढली होती, कारण त्यांच्यावरून पाय सरकायला वेळ लागत नाही. अक्का दारात खुर्चीवर, मांडीवर शाल, शेजारी पेन्सिलींची टोपली. साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळला. पहिला आला तो सहा-सात वर्षांचा एक अंतराळवीर. मोरपिशी भोपळ्याकडे बोट दाखवून त्याने आईला काही सांगितले आणि टोपलीतून चांगल्या दोन पेन्सिली उचलल्या. त्याची आई लहानपणी याच दारात येत असे. तिने वारली भोपळ्यापुढे वाकून विचारले, “हे तुम्ही काढलंत?” अक्काने नुसता हात वर केला. हात थरथरत होता, आणि तिने तो झाकला नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात आणि साडेचारच्या सुमारासच अंधारू लागते. ज्येष्ठांना हे दिवस जड जातात. भोपळे तोवर टिकले, हा रंगवण्याचा आणखी एक लाभ. कडक थंडी पडू लागल्यावर ते आत घ्यावेत, कारण एकदा गोठला की भोपळा विरघळताना बसतो. खारी कुरतडतात, त्याला इलाज नाही. रंगवलेला भोपळा खाऊ नये, जनावरांना घालू नये आणि खतातही टाकू नये. न रंगवलेला एक गोड भोपळा आम्ही मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवला होता. त्याचा पहिला काप दाजींनी घातला, कारण अखंड कोहळ्या-भोपळ्याला बायकांनी आधी सुरी लावू नये ही घरची रूढी अक्का अजून पाळते. त्याचे घारगे झाले. पीठ अक्काने मळले.

मी निघाले तेव्हा काळा भोपळा औषधांच्या कपाटाशेजारी होता. डिसेंबरच्या मध्यावर फोन केला, तर दाजी म्हणाले, “अजून टणक आहे. तारीख मी लिहितो, गोळ्यांच्या वेळा ती लिहिते. अक्षर मोठं काढ म्हणतो, तर म्हणते, भोपळा केवढा आहे ते बघा आधी!”