भाकरीला वरणाची जोड

आपण वावरात राबतो ते साऱ्यांना दिसते. पण आपल्या अंगात रात्रंदिवस राबणारी यंत्रे कुणाच्या नजरेस पडत नाहीत. शरीर अब्जावधी सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. या पेशींत दोन मोठी कामे चालतात.

पहिले काम ऊर्जेचे. खाल्लेले अन्न आणि श्वासातला प्राणवायू यांच्या बळावर एक इवलेसे यंत्र जात्यासारखे फिरते व शक्तीचे दाणे पाडते. त्यांना एटीपी म्हणतात. या कामातला सायटोक्रोम-सी नावाचा दुवा वनस्पतींतही असतो, हे आपल्या कमला सोहोनी यांनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना दाखवले. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. त्यांनी तो हट्टाने मिळवला, तिथे दूध व डाळींतल्या प्रथिनांचा अभ्यास केला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली.

दुसरे काम प्रथिनांचे. रायबोसोम नावाचे यंत्र अमिनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवते. स्नायू, रक्त, आईचे दूध, साऱ्यांत याच माळा. मणी २० प्रकारचे. त्यांतले ९ शरीराला बनवता येत नाहीत, ते ताटातूनच यावे लागतात. एक जरी कमी पडला तरी माळ अडते. उरलेले मणी शरीर पुढच्यासाठी साठवून ठेवत नाही.

आता आपले अहमदपूरकडचे ताट पाहा. ज्वारीत लायसिन नावाचा मणी कमी, तुरीच्या डाळीत तो भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. भाकरी आणि वरण ही जोडी म्हणूनच मोलाची.

मला सलते ते पुढेच. घरची तूर मोंढ्यात जाते. थोडे वरण शिजते, ते आधी गड्यांच्या नि मुलांच्या ताटात. शेवटी बसणाऱ्या बाईला भाकरी, ठेचा आणि पातेल्यातले तळचे पाणी. तीच बाई पोटात लेकरू वाढवते, अंगावर पाजते. तिच्या पेशींतले काम थांबत नाही. कमी पडलेले मणी तिच्याच स्नायूंतून सोडवले जातात. मग अंग गळते, आणि आपण म्हणतो, सुनेला काम झेपत नाही!

म्हणून सांगणे एवढेच: कट्टे मोंढ्यात नेण्याआधी वर्षाची तूर घरात ठेवा, आणि वाढताना सुनेची वाटी आधी भरा.