काय उडवू?

डिसेंबर आला की फोनमधलं गाण्यांचं अ‍ॅप मला माझंच वर्ष वाचून दाखवतं. इतकी मिनिटं ऐकलंत, हा तुमचा पहिल्या नंबरचा कलाकार, हे पहिल्या नंबरचं गाणं. गेल्या डिसेंबरात माझ्या पहिल्या नंबरवर पावसाचा आवाज होता. खोटं नाही सांगत. कोड लिहिताना कानात शब्द आले की माझं लक्ष उडतं, म्हणून मी हेडफोनमध्ये पाऊस लावून बसतो. जन्म मुरबाड तालुक्यातल्या धसईचा, जिथं पाऊस चार महिने पत्र्यावर मुक्कामाला असतो. आणि आता एसीत बसून रेकॉर्ड केलेला पाऊस ऐकतोय. गावी सांगायची सोय नाही.

अ‍ॅपचं चुकतं असं नाही. ते मोजतं. जे जास्त वाजलं ते वर. पण असा नंबर लावायला मला काहीच करावं लागत नाही, आणि त्यात माझं काही जातही नाही.

खरी यादी मी आयुष्यात एकाच वर्षाची केली, २०१६ ची. तिला दहा वर्षं होत आली. इथं ती पुन्हा मांडतोय, थोडी दुरुस्त करून. तुमची वेगळी असेल. भांडायला हरकत नाही.

आधी नियम सांगतो

२०१६ मध्ये मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कल्याणला तिघांत एक खोली, शनिवारी एसटीने मुरबाड आणि तिथून धसई. आमच्या बाजारात एक मोबाइलचं दुकान होतं. आसपासच्या गावांतली, पाड्यांवरची माणसं बाजाराला आली की तिथं थांबायची. रिचार्ज, चार्जर आणि गाणी भरून घेणं. दुकानातल्या दादाकडे एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात फोल्डर होते: 'नवीन हिंदी', 'हळदी', 'भजन', 'डीजे फुल बेस', 'दर्दभरी'. वीस रुपयांत तो एक जीबी भरून द्यायचा. सगळा माल चोरीचा होता. तेव्हा ते कळत नव्हतं असंही म्हणणार नाही.

माझ्याकडे चार जीबीचं कार्ड होतं. फोन ते तीन पॉइंट सात दाखवायचा. बनवणारे हजाराने मोजतात आणि फोन एक हजार चोवीसने, हे पुढे शिकलो. तेव्हा वाटायचं दादाने तीनशे एमबी खाल्ले. कार्ड कायम भरलेलं. मी वहीच्या मागच्या पानावर यादी लिहून न्यायचो. दादा कार्ड लावायचा, यादी बघायचा आणि दरवेळी एकच प्रश्न विचारायचा, "काय उडवू?"

म्हणजे नवीन गाणं हवं, तर जुनं कुठलं जाणार ते आधी सांग. मागे गिऱ्हाईक उभं असायचं, त्यामुळे विचाराला दोन मिनिटं. माझा नियम तोच. प्रत्येक गाण्यासाठी कार्डातलं काहीतरी गेलेलं आहे, किंवा मी ते खुशाल घालवलं असतं.

७. काला चष्मा

'बार बार देखो' हा पिक्चर आमच्या खोलीत कुणी पूर्ण पाहिला नाही, पण गाणं सप्टेंबरपासून पाठ होतं. ते मुळात नवीन नव्हतं. अमर अर्शीने ते आधी गायलेलं होतं, आणि लिहिणारा अमरिक सिंग शेरा हा पंजाब पोलिसातला हवालदार. शाळेत असताना त्याने ते लिहिलं होतं. २०१६ मध्ये त्याला बादशाह आणि नेहा कक्करचा आवाज मिळाला. हवालदाराचं नाव माझ्या फाइलवर नव्हतं. फाइलवर फक्त वेबसाइटचं नाव असायचं.

६. व्हेंटिलेटर

राजेश मापुसकरांचा हा सिनेमा ४ नोव्हेंबरला आला. रोहन-रोहनचं 'या रे या' आणि प्रियांका चोप्राने मराठीत गायलेलं 'बाबा'. पुढच्या आठवड्यात कल्याणला बघायचा बेत होता. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि आमचे पैसे वडापाव आणि एसटीपुरतेच उरले. सिनेमा राहिला.

१ डिसेंबरला धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बाजारात स्वाइप मशीनं आली, टीव्हीवाले आले. कॉलेजात मी अचानक प्रसिद्ध झालो. "तुझ्या गावात भिकारीपण मशीन ठेवतो का रे?" वगैरे. मी मात्र विचार करत होतो की दादा वीस रुपयांची गाणी मशीनवर कशी देणार.

सिनेमा मी वर्षभराने पाहिला. म्हातारा काका व्हेंटिलेटरवर, बाहेर नातेवाइकांची जत्रा, आणि कुणालाच नीट बोलता न येणारे बाप-लेक. 'बाबा' गाणं तेव्हा कळलं. त्याआधी ते कार्डावर नुसतं होतं.

५. ब्लॅकस्टार आणि यू वॉन्ट इट डार्कर

हे दोन अल्बम दादाच्या कॉम्प्युटरवर असणं शक्य नव्हतं. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि वर्षअखेरपर्यंत डेटा फुकट, असं जाहीर झालं. खोलीतल्या तिघांनी कागदपत्रांच्या झेरॉक्स घेऊन रांगा लावल्या. सिम चालू झालं त्या रात्री आम्ही काही न उडवता गाणी ऐकत होतो, पहाटेपर्यंत. मला आठवतं, मला थोडं भांबावल्यासारखं झालं होतं. आता काय ऐकू, हे कोण सांगणार?

असंच भटकत डेव्हिड बोवी सापडला. ८ जानेवारीला, आपल्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी, त्याचा 'ब्लॅकस्टार' आला आणि १० तारखेला तो गेला. कॅन्सर होता, लोकांना माहीत नव्हतं. लिओनार्ड कोहेनने 'यू वॉन्ट इट डार्कर' आजारी अंगाने, घरी बसून, मुलाला सोबत घेऊन पूर्ण केला. तो २१ ऑक्टोबरला आला आणि ७ नोव्हेंबरला कोहेन गेला. इंग्रजी शब्द मला तेव्हा निम्मेच कळले. एक कळलं, की आपला आवाज मागे ठेवून जायचं हे दोघांनी ठरवून केलं होतं. सगळ्यांना ते ठरवता येत नाही.

४. चन्ना मेरेया

प्रीतम, अमिताभ भट्टाचार्य, अरिजित सिंग. 'ऐ दिल है मुश्किल' दिवाळीला आला. यावर जास्त लिहीत नाही. त्या वर्षी एकोणीस-वीस वर्षांच्या ज्या मुलाने हे गाणं मध्यरात्री ऐकलं नाही, त्याने हात वर करावा. यासाठी मी 'दर्दभरी' फोल्डरातली जुनी अकरा गाणी एका झटक्यात उडवली होती, आणि एकाचीही आठवण येत नाही.

३. इक्क कुडी

'उडता पंजाब' सेन्सॉरमध्ये अडकला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, १३ जूनला एका कटावर सुटका झाली आणि १७ जूनला सिनेमा लागला. या गदारोळात अमित त्रिवेदीचं हे शांत गाणं होतं. शब्द शिवकुमार बटालवीचे. हा कवी १९७३ मध्येच वारला. कवितेचं नाव 'इश्तिहार', म्हणजे जाहिरात. एक मुलगी हरवली आहे, तिचं वर्णन असं असं, कुणाला दिसली तर सांगा. एसटी स्टँडवर चिकटवलेल्या 'हरवले आहेत' कागदासारखं, फक्त लिहिणाऱ्याचा त्या माणसावर जीव आहे.

हरवलेल्याचं वर्णन करायला गेलं की किती कमी आठवतं, हे मला नंतर कळलं.

२. हळदीची गाणी, गायक माहीत नाही

हे सिद्ध करता येणार नाही. फाइलचं नाव 'हळदी मिक्स २०१६', आत आगरी-कोळी गाणी एकाला एक जोडलेली, मध्येच बेंजो, मध्येच कुणा डीजेचं स्वतःचं नाव पुन्हापुन्हा. ही गाणी त्या वर्षीची की दहा वर्षं जुनी, देव जाणे. पण मे महिन्यात आमच्याकडे रात्री ज्या मांडवात जाल तिथं हेच. गायकाचं नाव कुणी विचारत नाही. कुठलीही वर्षअखेरीची यादी यांना घेत नाही, म्हणून मी घेतली.

त्या मे महिन्यात मात्र या मिक्सला पहिल्यांदा तोडीस तोड मिळाली. हळदीच्या रात्री मंडळी एकच ओरडत होती, "झिंगाट लाव!"

१. सैराट

चार गाणी. 'याड लागलं', 'आताच बया का बावरलं', 'सैराट झालं जी', 'झिंगाट'. चारच, आणि एकही भरतीचं नाही. नागराज मंजुळेंचा सिनेमा २९ एप्रिलला आला. अजय-अतुलनी सिंफनी ऑर्केस्ट्रा कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. तोवर कुठल्याही भारतीय सिनेमाने तिथं रेकॉर्डिंग केलं नव्हतं. करमाळ्याच्या विहिरी, केळीच्या बागा, आणि मागे हॉलिवूडची व्हायोलिनं. आम्हाला वाटायचं आपल्यासारख्या गावातल्या पोरांसाठी कुणीतरी इतका खर्च केला. पुढे हिंदीवाल्यांनी २०१८ मध्ये 'धडक'साठी यांतली गाणी घेतली, पण ती हवा पुन्हा झाली नाही.

एक गोष्ट मला उशिरा दिसली. गाणी सगळी पोरं पळून जाईपर्यंत. पुढे संसार सुरू होतो आणि गाणी थांबतात. अगदी शेवटी तर आवाजच जातो. इतका मोठा ऑर्केस्ट्रा हाताशी असताना त्यांनी शेवट मुका ठेवला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी दुकानात गेलो. दादाकडे चारही गाण्यांचे व्हिडिओ आले होते, चांगल्या प्रिंटचे. तीनशेच्या आसपास एमबी लागणार होते. मागे रांग. दादाने विचारलं, "काय उडवू?"

मी स्क्रीनवर पाहिलं. गाणी दोन-पाच एमबीची, चिल्लर. एकच मोठी फाइल होती. २०१४ च्या सप्त्यात मी पप्पांच्या फोनवर काढलेला व्हिडिओ. अठरा मिनिटं. आमचे आजोबा देवळात भजनाला उभे, एक हात कानावर, मागे पखवाज. अंधारच जास्त, आवाज फाटलेला. पप्पांच्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून तो माझ्या कार्डावर होता. दुसरीकडे कुठेच नव्हता.

दादाने फाइल उघडून पाहिली. म्हणाला, "अरे, हे तर बाबा." मी म्हणालो, "उडव. ते घरीच आहेत. पुन्हा काढीन."

आजोबा खरंच घरी होते. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी विचारलं, काय आणलंस? मी त्यांना 'झिंगाट' दाखवलं. त्यांना आवडलं. पखवाजाची बोटं गुडघ्यावर चालायला लागली.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात त्यांना झटका आला आणि वाचा गेली. दिवाळीच्या आत ते गेले. मधल्या वर्षभरात माझ्याकडे फुकट डेटा होता, वेळ होता. व्हिडिओ पुन्हा काढला नाही.

शेवटच्या वर्षाला फाइल सिस्टिम शिकलो. डिलीट केलं की फाइल पुसली जात नाही. अशा कार्डांच्या नोंदीत तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर एक खूण होते, इतकंच. ही जागा मोकळी आहे, अशी. नवीन काही त्या जागेवर लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथंच असतं. वाचल्या वाचल्या मी ते कार्ड शोधून काढलं, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं आणि रात्रभर चालू ठेवलं. सकाळी बावीस फाइली आल्या होत्या. निम्म्या उघडल्याच नाहीत. उघडल्या त्यांतल्या एकात 'झिंगाट'चे सहा-सात सेकंद होते. आजोबांच्या जागेवर गाणी बसली होती, तीही माझ्याच यादीने.

तेव्हापासून मित्र विचारतात, २०१६ चा तुझा नंबर एक कोणता? आजोबांचं भजन, असं सांगण्याचा मोह होतो. ऐकणारा गप्प होईल, यादीही चांगली दिसेल. पण ते खरं नाही. निवडायची वेळ आली तेव्हा मी निवडलं होतं, दोन मिनिटांत. नंबर एक सैराटच. त्याच्यासाठी मी जितकं दिलं तितकं दुसऱ्या कुठल्याच गाण्यासाठी दिलेलं नाही.

त्या अठरा मिनिटांत आजोबा कुठला अभंग म्हणत होते, तेही मला आठवत नाही. मंडळातल्या चौघांना विचारलं, चार उत्तरं मिळाली.

दादाचं दुकान अजून आहे. गाण्यांचा धंदा जिओच्या पहिल्याच वर्षात संपला. आता तो कव्हर, ग्लास आणि पैसे पाठवायचं काम करतो. कॉम्प्युटर भंगारात गेला.

यंदाच्या सप्त्यात पप्पा भजनाला उभे राहिले. पप्पांना गळा नाही. इतकी वर्षं ते मागे टाळ धरायचे, आता पुढे माणूस उरला नाही म्हणून गातात. मी फोन उभा केला आणि एक्केचाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. तीन ठिकाणी कॉपी ठेवली आहे. घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "बरं झालं."

अजून एकदाही लावून पाहिलेलं नाही. पप्पा घरीच आहेत. डिसेंबरात अ‍ॅप यादी देईल तेव्हा वर पुन्हा पाऊसच असणार.