अल्फारेटाकर, नाशिककर आणि बिनतारी आगगाडी

आमच्या घरातल्या खेळांच्या जोडणीचा इतिहास वायरीपासून सुरू होतो. निन्टेन्डोचा गेमबॉय १९८९ साली अमेरिकेत आला. दोन गेमबॉय एका वायरीने जोडले की ‘टेट्रिस’ दोघांना समोरासमोर खेळता यायचा. एकाने ओळी पुसल्या की दुसऱ्याच्या पडद्यावर खालून विटा वर चढायच्या. आमची दोन्ही कार्टी लांबच्या प्रवासात गाडीच्या मागच्या सीटवर हेच करत. भांडण झालं तरी दोघांना दोन टोकांना तोंड फिरवून बसता येत नसे, कारण वायर उपटली की खेळ बंद! आमची सौ. म्हणायची, "ही वायर आहे की राखी?"

पुढे वायरी गेल्या. २००४ च्या निन्टेन्डो डीएसमध्ये बिनतारी जोडणी यंत्रातच आली. त्याच सुमारास आमच्या चिरंजीवांना लिनक्सचं वेड लागलं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली कुणीही उघडून पाहावी, बदलावी, वाटावी अशी. चिरंजीवांनी जीपीटूएक्स नावाचं कोरियन यंत्र मागवलं. हातात मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं आणि आत चक्क लिनक्स! पण त्यात वायफाय नव्हतं. ते यूएसबीच्या वायरीने कॉम्प्युटरला जोडायचं आणि त्या वायरीलाच नेटवर्क समजायचं, असा तो द्राविडी प्राणायाम. त्यानंतर २०१० मध्ये हौशी मंडळींनी बनवलेल्या ‘पँडोरा’त कीबोर्डही होता आणि वायफायही. माझं सारं आयुष्य टेलिफोनच्या धंद्यात गेलं, त्यामुळे मुलांच्या खेळापेक्षा त्यातली जोडणी मला जास्त बघावीशी वाटे. अजून वाटते.

आता नातवाची पिढी. हा मुलीचा मुलगा, चौदा वर्षांचा, जन्मापासून अल्फारेटाकर. आम्ही १९९६ साली इथे आलो तेव्हा तूरडाळीसाठी डीकेटरपर्यंत गाडी हाणावी लागे. आता त्याच्या वर्गात निम्मी नावं आपल्याकडची. त्याच्याकडे स्टीम डेक आहे. सात इंची पडद्याचं, पाऊण किलोच्या आतबाहेरचं हे यंत्र फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आलं. दिसायला खेळणं, पण आत पूर्ण लिनक्स कॉम्प्युटर.

दुसरा नाशिककर. माझ्या थोरल्या भावाचा नातू, वय तेरा. पुतण्याची इकडे बदली झाली म्हणून २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंडळी अल्फारेटाला आली. आम्हाला वाटलं होतं, दोन भावंडं एका गावात आली, आता काय विचारता! प्रत्यक्षात दोघं एका सोफ्यावर दोन वेगळ्या देशांत बसल्यासारखे बसत. इंग्रजी नाशिककरालाही छान येत होतं, अडचण भाषेची नव्हती. शाळेत त्याच्या उच्चारांवर कुणीतरी हसलं होतं आणि हसणारी मुलं गोरी नव्हती, आपलीच होती. त्या दिवसापासून त्याने तोंड मिटलं. डबा एकटाच खातो, असं त्याच्या आईने सौ.ला फोनवर सांगितलं आणि पुढे तिला बोलवेना.

त्या दिवाळीला मी नाशिककरासाठी एक वापरलेला, कारखान्यात दुरुस्त केलेला स्टीम डेक आणला. मुलगी म्हणाली, "बाबा, एक मुलगा पडद्यात डोकं घालून बसतो ते पुरेसं नाही का?" तिचं म्हणणं रास्तच होतं. पण मला ती मागच्या सीटवरची वायर आठवत होती.

खेळ कोणता, यावर मी हट्टाने मत दिलं. गोळ्या घालण्याचे नकोत. ‘ओपन-टीटीडी’ नावाचा एक फुकट खेळ आहे. ख्रिस सॉयर यांच्या १९९४ च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून’वरून हौशी लोकांनी २००४ पासून तो नव्याने रचला. डोंगर-नद्या-गावांचा एक नकाशा मिळतो. त्यात रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, कोळसा वाहायचा, पैसे मिळवायचे. पडद्यावरची अक्षरं मोठी करून घ्यावी लागतात, एवढंच.

या खेळाची बिनतारी जोडणी ज्याने रचली त्याला मी मनातल्या मनात दंडवत घातला. नकाशावर शेकडो गाड्या धावत असतात. प्रत्येक गाडी या क्षणी कुठे आहे हे दुसऱ्या यंत्राला सतत कळवत बसलं तर माहितीचा नुसता पूर येईल. म्हणून हे तसं करतच नाहीत. दुसरा खेळाडू आला की यजमान यंत्र त्याला अख्खा नकाशा एकदाच पाठवतं. त्यानंतर हवेतून जातात ते फक्त हुकूम : ‘इथे रूळ टाक’, ‘तिथे पूल बांध’. बाकीचा हिशेब दोन्ही यंत्रं आपापल्या घरी, एकाच पावलाने करतात. नशिबाचे फासेसुद्धा दोघांकडे सारखेच पडतात. दोन गावं एकाच पंचांगावरून सण पाळतात तसं! एकादशी कधी हे विचारायला रोज पत्र लिहावं लागत नाही. मात्र पंचांग एकच हवं. एकाच्या यंत्रातली आवृत्ती नवी आणि दुसऱ्याची जुनी असली तर खेळ दारातूनच परत पाठवतो. मध्येच हिशेब चुकला तर बाहेर काढतो आणि पुन्हा अख्खा नकाशा घ्यायला लावतो.

सुरुवातीला दोघांनी दोन वेगळ्या कंपन्या काढल्या आणि एकाच कोळशाच्या खाणीवरून भांडले. अल्फारेटाकर ओरडला, "That's my coal!" नाशिककर मान वर न करता म्हणाला, "नाव लिहिलंय का त्यावर?" हे त्याचं आमच्या घरातलं पहिलं मोठ्याने बोललेलं वाक्य. स्वयंपाकघरात सौ.चा लाटणं धरलेला हात थांबला.

एकदा मंडळाच्या कार्यक्रमाला दोघं यंत्रं घेऊन आले. हॉलच्या वायफायवर इंटरनेट व्यवस्थित चालत होतं, पण शेजारीशेजारी ठेवलेली दोन यंत्रं एकमेकांना दिसेनात. वाचकांपैकी कुणाच्या मुलांची अशीच चिडचिड झाली असेल तर कारण सांगतो. हॉटेल, वाचनालय, हॉल अशा ठिकाणच्या वायफायमध्ये सुरक्षेसाठी पाहुण्यांच्या यंत्रांमध्ये भिंत घातलेली असते. प्रत्येकाला बाहेर जायला दार, पण शेजाऱ्याकडे जायला नाही. एक उपाय म्हणजे आपला छोटा राउटर बरोबर न्यायचा.

याचा खरा उपयोग १० जानेवारी २०२५ ला झाला. त्या शुक्रवारी अटलांटा परिसरात बर्फ पडला, शाळा बंद. दोघं आदल्या रात्रीच आमच्याकडे मुक्कामाला आले होते. दहाच्या सुमारास कुठेतरी फांदी तारेवर पडली असावी. दिवे गेले, हीटर गेला, इंटरनेट गेलं. दोघांनी पांघरुणातून माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, इंटरनेट नाही, म्हणजे खेळ नाही."

मी म्हटलं, इंटरनेट वेगळं, वायफाय वेगळं. एका वाड्यातून समोरच्या वाड्यात चिठ्ठी द्यायची तर ती मुंबईच्या जीपीओतून फिरून यायला लागत नाही. घरचा नवा राउटर मुलाने माळ्यावर ठोकून बसवलेला, तिथे चढणं माझ्या गुडघ्यांना मंजूर नव्हतं. पण तळघरात माझा जुना लिंकसिस डब्ल्यूआरटी-५४जी होता, तो निळा-काळा, दोन शिंगांचा. त्याच्याही पोटात लिनक्सच. २००३ मध्ये हे लोकांच्या लक्षात आलं, लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कंपनीने त्याचा प्रोग्राम खुला केला आणि जगभरच्या उपद्व्यापी लोकांनी त्या डब्याचं सोनं केलं. वेग आजच्या मानाने बैलगाडीचा, सेकंदाला ५४ मेगाबिट, तोही कागदावर. पण नुसते हुकूमच पाठवायचे तर बैलगाडी पुष्कळ झाली.

कॉम्प्युटरच्या यूपीएसला राउटर जोडला. त्याने दोन्ही यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती पत्ते वाटले. एकाने खेळ मांडला, दुसऱ्याने घरातल्या नेटवर्कवर शोध घेण्याचं बटण दाबलं आणि यादीत एक नाव उमटलं. "दिसला!" हे नाशिककर ओरडला. बाहेरच्या जगाशी कसलाही संबंध नसलेलं, दोन पोरांचं आणि एका म्हाताऱ्याचं ते नेटवर्क यूपीएस चिरकेपर्यंत साडेतीन तास चाललं.

त्या दिवशी दोघांनी एकच कंपनी काढली. डोंगर आडवा आला, गाडी चढावर रखडली. मी त्यांना कसारा घाटाची गोष्ट सांगितली : १ ला ३७ चा चढ, कसाऱ्याला गाडीच्या मागून जादा इंजिनं लागतात आणि ढकलत इगतपुरीपर्यंत नेतात. नाशिककराने ते डोळ्यांनी पाहिलेलं. तो जो सुटला! इंजिन लागताना बसणारा धक्का, बोगद्यात पोरांनी मारलेल्या आरोळ्या, इगतपुरीचा वडा. अल्फारेटाकर ऐकत राहिला. दुपारपर्यंत नकाशावर कसारा, इगतपुरी, मनमाड आणि विंडवर्ड अशी चार स्टेशनं झाली होती. "सांधा बदल, सांधा बदल, गाडी येतेय!" हे माझा अमेरिकन नातू ओरडत होता. मराठी शाळेच्या कुठल्याही पुस्तकात सांधा असेल असं मला वाटत नाही.

मार्चच्या अखेरीस पुतण्याची नोकरी गेली. एच-वन व्हिसावरच्या माणसाला दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात. पन्नास वर्षांपूर्वी मला मिळालेलं दार त्याच्यापुढे बंद होताना पाहणं सोपं नव्हतं. पुतण्या "काका, बघू" एवढंच म्हणे आणि रात्री उशिरापर्यंत अर्ज भरत बसे. मेच्या अखेरीस मंडळी नाशिकला परत गेली. विमानतळावर मोठ्यांनी रडून घेतलं. पोरं मात्र खाली बसून नकाशाची फाइल दोन्ही यंत्रांत नीट उतरली आहे ना, ते तपासत होती.

आता प्रश्न होता आठ हजार मैलांचा. पूर्वी यासाठी राउटरमध्ये ३९७९ क्रमांकाचं दार बाहेरच्यांसाठी उघडावं लागे. भारतात तर पुष्कळदा अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो, तिथे दार उघडायचं तरी कुठे? २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून खेळाने यावर तोड काढली. यजमानाला एक आमंत्रणाचा कोड मिळतो. तो दुसऱ्याने टाकला की मधला सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, आणि थेट वाट मिळालीच नाही तर निरोप स्वतः पोचवतो. अटलांटा ते नाशिक निरोप जायला-यायला पाव सेकंद किंवा थोडा जास्त लागतो. मारामारीच्या खेळात एवढ्यात माणूस मेलेला असतो. मालगाडीला काय फरक पडतो?

उन्हाळाभर दर शनिवारी आमचे सकाळचे नऊ, त्यांचे संध्याकाळचे साडेसहा. फोन शेजारी चालू ठेवलेला असतो. त्यातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, माझ्या वहिनी मध्येच "कोण रे, अल्फारेटाचा का?" म्हणून डोकावतात आणि नातवाला ‘नमस्कार आजी’ म्हणावं लागतं. यजमान कोणी व्हायचं यावर वाद झाला. नाशिकला वीज गेली की खेळ बसतो, म्हणून यजमानपद इकडे. नाशिककराला हे मान्य नाही. त्याने वडिलांकडे इन्व्हर्टरची मागणी केली आहे. शाळेत कसं चाललंय, हे तो आपणहून सांगतो. नातूही सांगतो, आणि त्यातलं निम्मं आम्हाला तिथेच पहिल्यांदा कळतं.

नोव्हेंबरमध्ये इकडची घड्याळं मागे गेली आणि घोटाळा झाला. आमच्या नऊला तिकडे साडेसात, आणि साडेसातला नाशिककराचा गणिताचा क्लास. म्हणजे इकडे आठला बसायला हवं. शनिवारी अकराच्या आत ज्याला हाक मारायची आमची प्राज्ञा नाही, त्या मुलाने पावणेआठचा गजर लावला आहे. सौ. त्याच्यासाठी पोहे भिजवून ठेवते.