लोड अडतीस!

‘मराठी विभागासाठी काहीतरी लिही’ असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी चक्क हसले. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठी तिसरी भाषा, आणि कुणी ‘एकोणसाठ’ म्हटलं की फिफ्टी-नाइन का सिक्स्टी-नाइन हे अजून बोटांवर मोजणारी मी! पण मॅडम म्हणाल्या, "तुझ्या त्या सर्व्हरचं लिही." म्हणजे माझी फजिती स्टाफरूमपर्यंत पोचलेली आहेच. मग निदान माझ्याच तोंडून ऐका.

आमच्या डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये खिडकीखाली एक जुना टॉवर आहे. चार कोअर, ८ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही. हा आमचा बॅकअप सर्व्हर. रात्री अकरा वाजता लॅबमधल्या सगळ्यांचे फोल्डर तो स्वतःकडे उतरवून घेतो. सकाळी कुणीतरी बघून रजिस्टरमध्ये सही करायची. ते ‘कुणीतरी’ म्हणजे मी. काम सोपं. लॉग उघडायचा, कालच्या तारखेची ओळ दिसली की ‘ओके’ लिहायचं आणि मेसमधले पोहे संपायच्या आत पळायचं.

गोष्ट फेब्रुवारी २०२५ मधली. सकाळी लॅबचे मामा दारातच म्हणाले, "ताई, तुमचं मशीन रात्रभर कुरकुरतंय. लोड अडतीस झालाय."

"म्हणजे?"

मामांनी मला लोड म्हणजे काय ते समजवायला सुरुवात केली. लोड मला कळत होता हो, अडतीस कळत नव्हतं!

एरवी तो आकडा एकच्या आत असायचा. मी टॉप उघडून बसले. एवढा लोड म्हणजे सीपीयूचा जीव जात असणार, असं वाटलं. तर सीपीयू खरं काम करत होता जेमतेम ३ टक्के! बाकीचा बहुतेक वेळ ‘डब्ल्यूए’ या कॉलमखाली, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात. रॅमही जवळजवळ भरलेली दिसली. मी लगेच सरांकडे धावले, "सर, रॅम वाढवू या." सर म्हणाले, "आधी शेजारचा कॉलम वाच." ‘अव्हेलेबल’खाली ३ जीबी शिल्लक होती. लिनक्स रिकामी रॅम फुकट ठेवत नाही, डिस्कवरचं वाचलेलं तिथे धरून ठेवतो आणि कुणी मागितली की सोडतो. हे मी सेकंड इयरला पाठ करून लिहिलेलं आहे. मार्क पण मिळालेत.

मग मी आरसिंकला नाइस लावून पाहिलं. शून्य फरक. सीपीयू आधीच मोकळा बसलेला, तिथे कुणाला मागे ढकलून काय होणार?

लेडीज हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना पुढचं पटकन कळेल. आमच्या मजल्यावर बाथरूम आठ, पण गरम पाण्याचा नळ एक. सकाळी सातला अडतीस बादल्यांची रांग असते आणि बाथरूम मात्र रिकामी! बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाथरूम कमी पडतायत. लिनक्सचा लोड अॅव्हरेज तसाच. तो फक्त सीपीयूसाठी थांबलेले मोजत नाही, डिस्कच्या नळाशी खोळंबलेले पण मोजतो. त्यांच्यापुढे टॉपमध्ये ‘डी’ लिहिलेलं असतं. आणि बादली नळाखाली लागलेली असली की रेक्टर मॅडम ओरडल्या तरी कुणी हलत नाही, तसं ‘डी’मधल्या प्रोसेसला किल मायनस नाइन दिलं तरी ती तिचं वाचणं-लिहिणं झाल्याशिवाय मरत नाही. मी सहा वेळा देऊन पाहिलं.

रात्री नऊनंतर आम्हाला लॅबमध्ये थांबता येत नाही. (मुलांना अकरापर्यंत येतं. असो.) म्हणून पुढचा तपास खोलीतून, लॅपटॉपवरून. आयओस्टॅट लावला तर दोन्ही डिस्क १०० टक्के व्यस्त. मग चालू असलेल्या आरसिंकची सुरू झाल्याची वेळ बघितली आणि पोटात गोळा आला. एक नव्हे, बारा बॅकअप एकाच वेळी चालू होते! सगळ्यात जुना बारा रात्रींपूर्वीचा. एकेकाच्या दोन-तीन प्रोसेस. अडतीसचा हिशेब लागला.

कारण नंतर सापडलं. फायनल इयरच्या एका ग्रुपने प्रोजेक्टसाठी व्हिडिओ फोडून त्यांचे फोटो केले होते. २२ लाख छोट्या फाइल. साइज फार नव्हती, पण आमच्या फिरत्या डिस्कला इकडून तिकडे उड्या मारत सेकंदाला साधारण शंभरच कामं जमतात. एका फाइलमागे एक उडी धरली तरी सहा तास. प्रत्यक्षात तीन-चार उड्या लागतात, म्हणजे गेला दिवस. तेवढ्यात पुन्हा अकरा वाजतात आणि क्रॉन मुकाट्याने नवा बॅकअप सुरू करतो. जुना संपला का, हे त्याला कुणी विचारायलाच सांगितलेलं नाही. त्यात आमची स्क्रिप्ट न बदललेली फाइल पुन्हा उतरवत नाही, शेवटच्या पूर्ण झालेल्या प्रतीतून जोडून घेते. पण प्रत पूर्ण झालीच नाही, तर रोज रात्री तेच २२ लाख पहिल्यापासून!

मी लॉग नीट वाचला. बारा दिवस रोज ‘सुरू’ ही ओळ होती. ‘पूर्ण’ एकदाही नव्हती. आणि रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात बारा ‘ओके’.

हे मी अजून कुणाला सांगितलंही नव्हतं, तोच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रूममेट हसत आली. तिने लॅबमध्ये चुकीच्या फोल्डरवर डिलीट मारलं होतं. "नशीब, तुझा बॅकअप आहे!" आरसिंक नावांच्या क्रमाने जातो. त्या ग्रुपचा फोल्डर रोल नंबरने तिच्या आधी येतो, त्यामुळे बारापैकी एकाही अर्धवट प्रतीत तिचा नंबर लागला नव्हता. तिला मिळाला तो जुना कोड. मधलं सगळं गेलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "ठीक आहे गं" म्हणाली आणि तोंड भिंतीकडे करून झोपली. दोन दिवस मेसला आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर.

सरांकडे जाऊन बारा सह्यांचं कबूल केलं. ते रागावले नाहीत, गिटलॅबचा अहवाल वाचायला दिला. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअप बघायला गेले तर ठेवण्याची जागा रिकामी. डेटाबेसच्या एका व्हर्जनचं टूल दुसऱ्या व्हर्जनवर चालत होतं आणि रोज फेल होत होतं. फेल झाल्याच्या ईमेल पोचतच नव्हत्या. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. आणि हे सगळं त्यांनी जगासमोर स्वतःहून छापलं. ते वाचून मला बरं वाटलं, रूममेटला अर्थातच नाही.

दुरुस्ती मात्र दोन तासांची. आधी क्रॉन बंद, मग अकरा बॅकअप थांबवून एकच चालू ठेवला. सकाळपर्यंत लोड दोनच्या आसपास. स्क्रिप्टला फ्लॉक लावलं, आता पहिला आत असेपर्यंत दुसरा शिरत नाही. त्या ग्रुपने फोटो एका टार फाइलमध्ये बांधून दिले, थोडी कुरकुर करून. रजिस्टरमधला ‘ओके’चा रकाना मी पट्टीने खोडला. तिथे आता ‘पूर्ण’ची वेळ लिहायची, आणि शुक्रवारी कुठलाही एक रोल नंबर घेऊन त्याची एक फाइल खरंच परत उतरवून, उघडून बघायची.

नंबर मामा सांगतात. मुद्दाम एकोणसत्तर, एकोणऐंशी असलेच सांगतात, आणि मी बोटं मोजायला लागले की रूममेट मागून हळूच इंग्रजीत उत्तर देते.