राजाचें सांगणें आणि रयतेचें गाऱ्हाणें

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते. शाळा सुटून मुलें आपापल्या घरीं गेलीं होतीं व मी वह्या तपाशीत बसलों होतों. इतक्यांत धुळें तालुक्यांतील एका खेड्यांतली एक वृद्ध बाई वर्गाच्या दाराशीं येऊन उभी राहिली. तिचा नातू माझ्याच वर्गांत शिकत होता. "सर, पोरगा सांगत होता, तुम्ही चांगलं लिहून देता," असें ती भीत भीत म्हणाली. तिला दरमहा मिळणारे ‘निराधारचे पैसे’ सहा महिने बंद झाले होते, आणि साहेबांस देण्यासाठीं तिला अर्ज लिहून हवा होता.

मराठी वाङ्मय घेऊन पदवी मिळविलेल्या शिक्षकास याहून आवडीचें काम कोणतें? मीं लगेच कागद पुढें ओढला. वृद्धापकाळाची दैन्यावस्था, वैधव्याचें दुःख, शासनाचें मातृवत् कर्तव्य, असें सर्व कांहीं त्यांत घातलें. पान भरलें. तें वाचून दाखविलें तेव्हां म्हातारीस त्यांतलें फारसें समजलें नाहीं. परंतु सरांनीं एवढें लिहिलें आहे त्या अर्थीं काम होणारच, असें समाधान तिच्या मुखावर दिसलें. तें पाहून मीही मनांतल्या मनांत सुखावलों.

तीन आठवड्यांनीं तो कागद परत आला. कोपऱ्यांत तांबड्या शाईनें तीनच शब्द लिहिलेले होते: ‘मागणी स्पष्ट नाही.’

प्रथम मला राग आला. मग मीं आपलाच अर्ज परक्याच्या डोळ्यांनीं पुन्हां वाचला आणि मान खालीं घातली. पैसे कोणत्या महिन्यापासून बंद झाले तें त्यांत नव्हतें. बँकेच्या खात्याचा क्रमांक नव्हता. साहेबांनीं नेमकें काय करावें हेंही नव्हतें. त्या कागदांत माझी भाषा होती. बाईचें गाऱ्हाणें नव्हतें.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारीं, लोकशाही दिनीं, मी तिच्याबरोबर कचेरींत गेलों. तेथें तिनें मला बोलूं दिलें नाहीं. बँकेचें पुस्तक मेजावर ठेवून तिनें आपल्या अहिराणींत दोन वाक्यें सांगितलीं: सहा महिने झाले, पैसे येत नाहींत, हें पुस्तक, हा अंगठा, काय चुकलें तें पहा. साहेबांनीं पाहिलें. नोंदींत खात्याचा एक आंकडा चुकला होता. तो दुरुस्त झाला व दुसऱ्या महिन्यांत पैसे आले.

त्या दिवसापासून एक विचार माझ्या मनांत घोळत आहे. राज्य चालविणारे आणि राज्यांत राहणारे यांचें बोलणें पूर्वीं कसें चालत असेल? कोणाचें ऐकूं जात असे, आणि कोणाचें वाटेंतच हरवत असे?

याचें एक उत्तर आपल्या खानदेशांतच दगडावर कोरलेलें आहे. चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथें शके ११२८ चा, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या आरंभींचा, एक शिलालेख आहे. प्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला, व निकुंभ वंशांतील राजानें त्या मठास उत्पन्न लावून दिलें. लेखांतील वंशाची व विद्वत्तेची स्तुति संस्कृतांत आहे. परंतु पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरचा कर मठास द्यावा, घाण्यामागें पळीभर तेल द्यावें, हा व्यवहार सांगण्याची वेळ आली तेव्हां लेख मराठींत उतरला. स्तुति पंडितांसाठीं होती, पण तेल तेल्याला द्यावयाचें होतें! तेल्यास कळलें नाहीं तर पळी रिकामीच राहील, हें त्या राजास ठाऊक होतें. मला मात्र पदवी घेऊनही तें ठाऊक नव्हतें.

छत्रपति शिवाजी महाराजांचें १६७४ च्या सुमाराचें एक पत्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें. चिपळूणच्या छावणींतील लष्करी अधिकाऱ्यांस तें लिहिलेलें आहे. रयतेस उपद्रव देऊं नका, एवढेंच सांगून महाराज थांबत नाहींत. जळती वात उंदीर पळवून नेईल, गवतास आग लागेल व घोडीं मरतील, इतक्या बारकाईनें ते बजावतात. राजाचें सांगणें शिपायाच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें पाहिजे, ही काळजी त्या पत्रांत दिसते.

मग छापखाना आला. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं मुंबईंत ‘दर्पण’ काढलें, तेव्हां एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी असे दोन स्तंभ ठेविले. राज्यकर्त्यांनीं एक वाचावा, लोकांनीं दुसरा वाचावा, आणि विषय दोघांचा एकच असावा, अशी ती योजना होती.

परंतु हे सर्व मार्ग बहुतेक वरून खालीं येणारे, किंवा शिकलेल्यांपुरते होते. दवंडीवाला गांवांत येऊन हुकूम सांगून जाई. त्याच्या डफावर गांवाचें उत्तर परत जात नसे. असें उत्तर तुंबून राहिलें म्हणजे काय होतें, तें आपल्या खानदेशानें पाहिलेलें आहे. १८५२ सालीं इंग्रज सरकारनें महसुलासाठीं जमिनीची नवी मोजणी सुरू केली. सारा वाढेल या भीतीनें सावदा, फैजपूर, एरंडोल या बाजूचे शेतकरी मोठ्या संख्येनें जमले. सरकारनें फौज आणून पुढाऱ्यांस पकडलें, आणि मोजणी पुढें चालू राहिली.

त्यानंतर चौऱ्यायशीं वर्षांनीं त्याच फैजपुरास काय घडलें पहा. डिसेंबर १९३६ मध्यें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन तेथें भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि महात्मा गांधी आले होते. चित्रकार नंदलाल बोस यांनीं बांबूंसारख्या गांवांत मिळणाऱ्या वस्तूंनीं सारें नगर सजविलें होतें. अध्यक्षांची मिरवणूक बैलांनीं ओढलेल्या रथांतून निघाली. माझे आजोबा त्या वेळीं सोळा वर्षांचे होते. भुसावळहून आगगाडीनें सावदा स्टेशन आणि तेथून पायीं, असे ते गेले. भाषणें त्यांस अर्धींमुर्धींच कळलीं. "पण बाळा," असें ते आम्हांस सांगत, "आजवर आम्ही साहेबाच्या दारीं जात होतों, त्या दिवशीं देश आमच्या दारीं आला होता." ज्या फैजपुरांत साऱ्याच्या भीतीनें लोक जमले व पकडले गेले, त्याच फैजपुरांत शेतसारा व खंड कमी करावा, कर्जाचें ओझें हलकें करावें, असा शेतकऱ्यांचा कार्यक्रम राष्ट्रीय सभेनें मंजूर केला. शेतकऱ्याचें म्हणणें पुढाऱ्यांच्या तोंडीं येण्यास चौऱ्यायशीं वर्षें लागलीं!

आज तितकें थांबावें लागत नाहीं. राज्याचा कारभार मराठींत चालावा असा कायदा १९६४ सालीं झाला. सरकारी कागदांची माहिती मागण्याचा हक्क २००५ च्या कायद्यानें मिळाला. ग्रामसभा आहे, लोकशाही दिन आहे, आणि खिशांतल्या फोनवरून वाटेल त्या मंत्र्यास क्षणांत निरोप धाडतां येतो. विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं प्रत्येकाच्या हातीं आतां एकेक डफ आला आहे. परंतु डफ बडविणें म्हणजे गाऱ्हाणें सांगणें नव्हे. रागानें लिहिलेले शंभर निरोप जेथें वाऱ्यावर जातात, तेथें तारीख, क्रमांक व मागणी नीट लिहिलेला पांच ओळींचा अर्ज काम करून जातो. आणि पालकांस माझी विनंति अशी कीं, आपल्या मुलांस घरच्या बोलीची लाज वाटूं देऊं नका. साहेबांपुढें त्या म्हातारीस तारलें तें तिच्या बोलीनेंच.

तेव्हांपासून आमच्या वर्गांत निबंधाच्या तासाबरोबर अर्जाचाही तास होतो. प्रत्येकानें आपल्या घरची किंवा गल्लीची एक खरी अडचण पांच ओळींत लिहावयाची, घरीं वाचून दाखवावयाची, आणि घरच्यांस कळली तरच वहींत उतरवावयाची, असा नियम आहे. पहिल्याच तासास त्या बाईच्या नातवानें लिहिलेला अर्ज मीं जपून ठेविला आहे. गांवच्या नळास चार दिवसांआड पाणी येतें, तें एक दिवसाआड यावें, एवढेंच त्यांत आहे. अलंकार एकही नाहीं. मीं त्यांत एक शब्दही बदलला नाहीं.