लेंड्या दिसतील असा पिंजरा

चिंचिलासाठी दुकानातून आणलेला पिंजरा खोक्यातून काढला की त्यातल्या निम्म्या वस्तू मी आधी बाजूला ठेवतो. प्लॅस्टिकच्या फळ्या, प्लॅस्टिकचा उतार, प्लॅस्टिकचं घुमटाचं घर, प्लॅस्टिकची पाण्याची बाटली. उरतो तो जाळीचा सांगाडा. तो पक्का असला की पुढचं सगळं जमवता येतं. न्यू जर्सीत आमच्या भागातल्या एका प्राणी-आसऱ्यातून लोक चिंचिला घरी नेतात, त्यांना पिंजरा लावून द्यायचं काम मी हौसेनं करतो. पैसे घेत नाही. मराठी घर असेल तर चहा आणि चिवडा मिळतो.

अशाच एका घरी आठवी-नववीतली एक मुलगी ते घुमटाचं घर सोडायला तयार नव्हती. "काका, हे गुलाबी घर तरी राहू दे ना!" मी पिशवीतून एक जुनी प्लॅस्टिकची फळी काढून तिच्या हातात दिली. एक कड सरळ, दुसरी बोटभर आत खाल्लेली, आणि त्या कडेवर जोडीजोडीनं दातांच्या खाचा. तिनं खाचांवरून बोट फिरवलं. "मग एवढा तुकडा गेला कुठे?" म्हटलं, पोटात. चिंचिलाला उलटी करता येत नाही. आत गेलेला प्लॅस्टिकचा तुकडा आतड्यात अडकला तर थेट शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. गुलाबी घर त्याच संध्याकाळी धाकट्या भावाच्या गाड्यांचं गॅरेज झालं.

या प्राण्याचे पुढचे पटाशीचे दात तर वाढत राहतातच, दाढासुद्धा जन्मभर वाढतात. त्याचं मूळ घर म्हणजे चिलीतल्या अँडीज पर्वताचे कोरडे, खडकाळ उतार. तिथलं चरबट गवत आणि झुडपांच्या साली चावून दात झिजतात. आपल्या घरात ते काम वाळलेल्या टिमोथी गवतानं करायचं आणि उरलेलं लाकडानं. कुरतडता येणार नाही असा पिंजरा शोधत बसण्यात अर्थ नाही. कुरतडला तरी बिघडणार नाही असा तो हवा.

त्यामुळे माझा खरा वेळ लाकडात जातो. भट्टीत वाळवलेलं, कुठलीही प्रक्रिया न केलेलं पाइन मी वखारीतून आणतो. प्लायवूड आणि एमडीएफ नको, त्यात गोंद असतो. बाहेरच्या कुंपणासाठी औषध पाजलेलं लाकूड तर अजिबात नको. सीडरचा वास आपल्याला आवडतो, पण तेही नको. चेरी, प्लम, जर्दाळू अशा आठळीच्या फळझाडांचं लाकूडही मी टाळतो. सफरचंदाच्या आणि विलोच्या वाळक्या काटक्या मात्र खुशाल द्याव्यात. फळीच्या कडा काचपेपरनं घासायच्या आणि तिथेच थांबायचं. पॉलिश, वॉर्निश, रंग काही लावायचं नाही. सुतारकामाची आवड असलेल्या माणसाला हे जड जातं. मलाही अजून हात आवरावा लागतो.

फळी बसवायची पद्धत मला सगळ्यात आवडते. एका बाजूला लाकडाचे आटे आणि दुसऱ्या बाजूला नटाचे आटे असलेला बोल्ट मिळतो. त्याचं लाकडाचं टोक फळीच्या मागच्या कडेत फिरवून बसवायचं. दुसरं टोक जाळीतून बाहेर काढायचं, बाहेरून रुंद वॉशर घालायचा आणि वर विंगनट आवळायचा. म्हणजे धातू सगळा बाहेर राहतो, आत फक्त लाकूड. शिवाय धुवायची वेळ आली की पाना शोधावा लागत नाही, बोटांनी नट सैल होतो. फळी आणि जाळी यांच्यात मात्र अर्धवट फट ठेवायची नाही. एक तर फळी जाळीला चिकटून बसवावी, नाहीतर सरळ ऐसपैस जागा सोडावी. चिंचिलाचा पाय काडीइतका बारीक असतो. उडी मारताना तो फटीत अडकला तर मोडतोच.

उंचीबद्दल लोक उलट्या बाजूनं विचार करतात. चिंचिला चार-पाच फूट उंच उडी मारतो हे वाचलेलं असतं, म्हणून पिंजराही तेवढा उंच आणि आत पोकळ ठेवतात. रात्री बाहेर गाडीचा भोंगा वाजला की तो दचकून कुठेही झेपावतो, आणि तिथे त्याची उडी नव्हे, पडणं मोजावं लागतं. फळ्या आळीपाळीनं डावी-उजवीकडे बसवाव्यात, कुठूनही पडला तरी फूट-दीड फुटात खाली काहीतरी असेल अशा. फिरायचं चाक धातूचं, सलग पृष्ठभागाचं आणि निदान पंधरा इंच व्यासाचं घ्यावं. गजांचं चाक आणि जाळीची जमीन, दोन्ही नकोत. जाळीच्या जमिनीनं तळपायाला जखमा होतात. ती मला फर-फार्मची उरलेली सवय वाटते. तिथे घाण आपोआप खाली पडावी एवढीच गरज होती.

फार्मचा आणि आपल्या घरातल्या चिंचिलाचा संबंध जवळचा आहे. फरसाठी त्यांची इतकी शिकार झाली की 1910 साली चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू यांना ती रोखण्यासाठी करार करावा लागला. पुढे मॅथियस चॅपमन या खाण-अभियंत्यानं चिलीत डझनभरच चिंचिला मिळवले आणि 1923 साली ते कॅलिफोर्नियात आणले. डोंगरावरून त्यांना एकदम खाली न आणता टप्प्याटप्प्यानं उतरवलं आणि बोटीवर पिंजरे गार राहावेत म्हणून बर्फ वापरला, असं सांगतात. अमेरिकेतले फार्मवरचे आणि घरातले बहुतेक चिंचिला त्या मोजक्या जनावरांचे वंशज आहेत. ज्या फरसाठी हे झालं ती इतकी दाट, की चिंचिलाच्या एकेका केसमुळातून पन्नासच्या वर केस निघतात; आणि त्याला घाम येत नाही. म्हणून पिंजरा खिडकीजवळ नको, स्वयंपाकघराजवळ नको, आणि एसीच्या थेट झोतातही नको. पंच्याहत्तर फॅरनहाइट, म्हणजे चोवीस सेल्सिअस, ही मी वरची हद्द धरतो. त्याला गार बसता यावं म्हणून आत ग्रॅनाइटचा एक तुकडा ठेवतो. ओटा बसवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे फुकट मिळतात.

आता नीटनेटकेपणा. कडीपासून गवताच्या जाळीपर्यंत सगळं जागच्या जागी लावलं तरी एक गोष्ट हटकून चुकलेली दिसते, ती म्हणजे खालचं कापड. फ्लीस चांगलं असतं, त्याचे धागे निघत नाहीत. पण लोक हौसेनं फुलाफुलांचं, तपकिरी पानांचं फ्लीस आणतात, आणि त्या नक्षीत लेंड्या दिसतच नाहीत. मी एकरंगी, फिकं कापड घालायला सांगतो. चिंचिला शिकार होणाऱ्यांपैकी आहे. आजार लपवणं त्याच्या अंगात आहे. तो सांगत नाही, लेंड्या सांगतात. भरदार, लांबट, गडद, कोरड्या असल्या की ठीक. बारीक आणि टोकदार होऊ लागल्या की खाणं कमी झालंय. मऊ पडल्या तर खाण्यात काहीतरी बिघडलंय. आणि अगदीच दिसेनाशा झाल्या तर सकाळची वाट पाहू नये, डॉक्टरांना फोन करावा. पोट थांबलं की हा प्राणी फार झपाट्यानं खचतो.

म्हणून दिवसभर हातात झाडू घेऊन पिंजऱ्यामागे लागणाऱ्यांना मी थांबवतो. रोज एकदा, ठरल्या वेळी झाडा, आणि झाडण्याआधी पाहा. गवताची जागा एकच ठेवा, म्हणजे काल किती होतं ते कळतं. बाटली काचेची घ्या आणि पाण्याच्या पातळीवर रोज नजर टाका. नळीतली गोळी कधीकधी अडकते, ती बोटानं ढकलून पाहा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, एरवी नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. लघवीचे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून पुसले की निघतात; वासाची फवारणी करू नका.

अंघोळीची धूळ वेगळ्या भांड्यात, आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. ती खास बारीक धूळ असते, तिथे वाळू चालत नाही. मग भांडं बाहेर काढायचं, नाहीतर तो त्याचं शौचकूप करतो आणि डोळेही चुरचुरतात. घरात कुणाला दमा असेल तर हे आधीच सांगावं.

ठाण्याहून माझ्या मावसभावाचा फोन आला होता. "दादा, मापं पाठव, आमचा सुतार हुबेहूब करून देईल." देईलही. पण ठाण्याच्या पावसाळी हवेचं सुतार काय करणार? ओल्या हवेत त्या दाट केसांना बुरशी धरते आणि उन्हाळ्यात उष्माघात होतो. मी मापांऐवजी त्याला विजेच्या बिलाचा हिशेब करायला सांगितला. एक खोली, बहुतेक वर्षभर रात्रंदिवस एसी, आणि प्राणी पंधरा-वीस वर्षं जगणारा. त्यानं तो केला असावा. हल्ली तो माशांच्या टाक्यांबद्दल विचारतो.