चुना आणि चरबी

दक्षिण कॅलिफोर्नियातील गावांत मेक्सिकन खानावळ शोधावी लागत नाही. ती कोपऱ्यावर असतेच. एका बाजूला कपडे धुण्याच्या यंत्रांचे दुकान, समोर टायरवाला, आत ग्वादालूपेच्या मातेची तसबीर आणि रेक्झिनच्या बैठकी. मराठीतला 'खानावळ' हा शब्द तिला 'रेस्तराँ'पेक्षा अधिक शोभतो, कारण तेथे येणारी माणसे नवा अनुभव घ्यायला येत नाहीत. मागच्या रविवारी जेवले तेच पुन्हा जेवायला येतात. टेबलावर न मागता मक्याच्या तळलेल्या चकत्यांची टोपली आणि लाल साल्साची वाटी येते. मेनूकार्डावर ताटांना क्रमांक असतात. दोन एन्चिलादा, तांबूस भात आणि घोटून परतलेला घेवडा एवढे सगळे एका आकड्यात सांगून होते, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला तो आकडाही सांगावा लागत नाही.

अशा खानावळीविषयी शिकलेली माणसे बोलू लागली की पहिला शब्द येतो तो 'अस्सल'. हे अस्सल मेक्सिकन नव्हे. ते ओआहाकात मिळते, पुएब्लात मिळते. इथले म्हणजे अमेरिकनांच्या जिभेसाठी केलेली तडजोड. मराठी समीक्षेच्या वाचकाला हा सूर अपरिचित नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर'नंतर (१९९०) देशीयतेची जी चर्चा झाली तिच्यातील गंभीर प्रश्न बाजूला सारून पुष्कळांनी एक सोपी चाळणी तेवढी उचलली: कृती समोर आली की तिचा जन्मदाखला मागायचा. खानावळीतला रसिकही तेच करतो. पिवळे चेडर चीज दिसले की त्याचा निर्णय तयार असतो.

या निर्णयातील घोटाळा समजण्यासाठी सॅन बर्नार्डिनो या शहरातील एका खानावळीचा इतिहास पाहण्याजोगा आहे. माउंट व्हर्नन अ‍ॅव्हेन्यूवरील 'मिट्ला कॅफे' १९३७ साली सुरू झाला. तो भाग मेक्सिकन वस्तीचा. शहरातील सार्वजनिक पोहण्याच्या तलावात मेक्सिकन वंशाच्या मुलांना मोकळा प्रवेश नव्हता. त्याविरुद्ध जे व्यापारी आणि कार्यकर्ते न्यायालयात गेले त्यांचे ही खानावळ म्हणजे जमण्याचे ठिकाण, आणि १९४४ साली 'लोपेझ विरुद्ध सेकोम्ब' या खटल्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. या खानावळीत टाको मिळे तो असा: तोर्तियाची कुरकुरीत तळलेली घडी, तिच्यात खिमा, चिरलेले लेट्यूस, टोमॅटो आणि वर किसलेले पिवळे चेडर. रस्त्यापलीकडे ग्लेन बेल नावाच्या माणसाचा हॅमबर्गरचा गाडा होता. मिट्लात जेवून, पाहून तो ही कृती शिकला, असे ती खानावळ चालवणारे कुटुंब सांगत आले आहे. पुढे १९६२ साली त्याने 'टाको बेल' काढले, आणि ते जगभर गेले.

म्हणजे चेडरचा टाको हा मोठ्या कंपनीने केलेला भ्रष्ट अवतार नव्हे. एका स्थलांतरित घराने, हाताशी जे चीज होते ते घेऊन, आपल्या वस्तीतील माणसांसाठी तो केला होता. कंपनीने त्याची नक्कल केली, आणि आता ती नक्कल इतकी सर्वत्र झाली आहे की मूळ ताट समोर आले की तेच नकलेसारखे दिसते. अस्सलतेच्या चाळणीतून येथे जे गळते ते त्या घराचे कर्तृत्व.

तथापि या चाळणीत आणखी एक दोष आहे. तो ध्यानात येण्यासाठी त्याच परिसरातील एका दुसऱ्या, साध्याशा खानावळीत दर रविवारी जेवणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे वळावे लागेल. मुलगी, जावई, शाळेत स्पॅनिश शिकणारी त्यांची दहा वर्षांची लेक, आणि सहा महिन्यांसाठी आलेली मुलीची आई. आई सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याच्या. गळ्यात तुळशीची माळ. पंढरीची वारी पायांनी होत होती तोवर चुकवलेली नाही. अमेरिकेत शाकाहारी माणसाची उपासमार होते हे त्या ऐकून होत्या. पहिल्या रविवारी समोर ताट आले तेव्हा त्यांनी भात पाहिला, मक्याची मऊ पोळी हातात घेतली, आणि घेवड्याचा घास घेऊन म्हणाल्या, "हा तर आपला वाघ्याच की गं."

वाघ्या घेवडा ही कोरेगावची शान आहे; त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मेक्सिकन खानावळीतील पिंतो घेवडा आणि हा वाघ्या, दोघांच्याही अंगावर तसेच लालसर तपकिरी पट्टे आणि शिंतोडे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीचे, आणि ती जात अमेरिका खंडातली. अर्थात आईंचे म्हणणे बरोबर होते. फक्त नात्याची दिशा उलटी होती. ठेचलेल्या हिरव्या मिरचीची वाटी आली तेव्हाही तेच झाले. "ह्यांनी सगळं आपलंच घेतलंय," त्या म्हणाल्या. नातीने शाळेत शिकलेले सांगून टाकले: मिरची मेक्सिकोकडची, ती पोर्तुगीजांनी आपल्याकडे नेली. टोमॅटोही तिकडचा, 'चॉकलेट' हा शब्दही तिकडचा. आईंना ते फारसे पटले नाही. मिरचीवाचून कोरेगाव ही कल्पना करणे त्यांना जमणारे नव्हते, आणि इतिहास काहीही सांगो, ते न जमणे हेच मिरची मराठी झाल्याचे प्रमाण आहे. मिऱ्याच्या नावावरून आपण तिला नाव दिले आणि ती कोठून आली हे विसरून गेलो. विसरलो म्हणून काही बिघडले नाही.

मक्याच्या बाबतीत मात्र विसरणे जगाला महाग पडले. मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन त्याची टरफले काढतात आणि मग पाट्यावर किंवा गिरणीत वाटतात. या वाटलेल्या पिठाला 'मासा' म्हणतात. ही रीत हजारो वर्षांची आहे. चुन्याने दाणा मऊ होतो, पीठ थापता येते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मक्यात अडकून पडलेले एक जीवनसत्त्व, नियासिन, शरीराला मिळू लागते. स्पॅनिश जहाजांनी मका युरोपात नेला. चुना तेथेच राहिला. एखाद्या म्हाताऱ्या बाईला कोणी विचारले नाही की, बाई, तुम्ही हे का करता? स्पेन आणि इटलीतील गरिबांना, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेतील गरिबांना, मक्यावर जगता जगता पेलाग्रा झाला: कातडी काळवंडून सोलू लागे, जुलाब होत, माणसाला भ्रम होई, हजारो मेले. त्या रोगावर नियासिनचा उपाय सापडला तो १९३७ च्या सुमारास, म्हणजे मिट्ला उघडली त्याच वेळी. मेक्सिकोतील बायकांना तो उपाय नावावाचून ठाऊक होता.

वर्ध्याला जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे पुढे मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले आणि मक्यावर संशोधन करीत राहिले. डिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रातही त्यांची आकृती आहे. एका मराठी माणसाने उमेदीची वर्षे मेक्सिकोच्या मक्याला दिली, तरी चुन्याची गोष्ट मराठी स्वयंपाकघरापर्यंत पोचली नाही. आपला मका कणसापुरता आणि अधूनमधून भाकरीपुरता राहिला म्हणून आपल्याला त्याची किंमत मोजावी लागली नाही, इतकेच.

कोणतीही वस्तू, कथेचा घाट असो वा सिद्धान्त असो, एका भाषेतून दुसरीत जाते तेव्हा 'हे कोठले' हा प्रश्न आपण हमखास विचारतो. 'हे कसे करतात' हा प्रश्न त्या मानाने क्वचित विचारला जातो. मराठीत गेल्या काही दशकांत आलेल्या समीक्षापद्धतींची गत बरीचशी युरोपातल्या मक्यासारखी झाली: दाणा आला, संज्ञा आल्या, आणि ज्या वादविवादात त्या भिजून मऊ झाल्या होत्या तो तिकडेच राहिला. येथे त्या कोरड्याच दळल्या गेल्या.

खानावळीत कसे करतात हा प्रश्न विचारला तो आईंनी, आणि त्याला कारण त्यांचे आयुष्य चुलीपुढे गेले हे. रविवारी तेथे तोर्तिया हाताने करीत. पहिल्याच दिवशी त्यांनी पोळी नाकाशी नेऊन "चुना" असे म्हटले होते, आणि जावई हसला होता. पानाला चुना लावणाऱ्या हातांना तो वास कळतो, हे त्याच्या लक्षात आले नाही. तीन महिन्यांनी एका रविवारी त्यांनी घेवड्याकडे बोट दाखवून वाढणाऱ्या बाईंना थेट मराठीत विचारले, "फोडणी कशाची घातलीया? एवढी चव तेलाला यायची न्हाई." नातीने प्रश्न स्पॅनिशमध्ये केला. बाईंना तो आवडला असावा. स्वयंपाक जाणणाऱ्या बाईने विचारलेला प्रश्न होता. त्यांनी अभिमानाने उत्तर दिले: "मांतेका."

जावई म्हणाला, लोणी असेल. आर्हेन्तिनात या शब्दाचा अर्थ लोणी असा आहे खरा. मेक्सिकोत तो तसा नाही. नातीला शब्द ठाऊक होता आणि गप्प बसायचे असते हे ठाऊक नव्हते. "लोणी नाही आजी, पिगचं फॅट," ती म्हणाली.

आईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या, पदराने ओठ पुसले आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. वाढणाऱ्या बाईंना काय घडले ते शब्दांवाचून कळले. माळेकडे त्यांची नजर गेली. त्या आत गेल्या आणि एका वाडग्यात नुसता मिठात शिजवलेला, न परतलेला, पाणीदार घेवडा घेऊन आल्या. 'फ्रिहोलेस दे ला ओया', मडक्यातला घेवडा. यात काही नाही, असे त्यांनी खुणेने सांगितले.

डुक्कर मेक्सिकोत आले ते स्पॅनिश विजेत्यांबरोबर. १५२१ साली तेनोच्तितलान पडले त्याआधी त्या मुलखात चरबीत परतलेला घेवडा असणे शक्य नव्हते. मडक्यात शिजवलेला होता. ज्याला आज जाणकार मोठ्या कौतुकाने अस्सल मेक्सिकन चव म्हणतात ती या चरबीची आहे, आणि एका वारकरी बाईच्या पथ्यासाठी आतून आला तो त्याहून जुना पदार्थ होता. तो वाडगा पाहून कोणता मेक्सिकन आणि कोणता नव्हे हे ठरवायला बसणाऱ्याने खुशाल बसावे. आईंपुढे प्रश्न तो नव्हता. तीन महिन्यांचे बारा रविवार त्यांच्या पोटात गेले होते.

त्यांनी तो वाडगा घेतला नाही. वाढणाऱ्या बाईंना मात्र हात जोडून नमस्कार केला.

घरी जाताना गाडीत पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग आईंनी मुलीला विचारले, "तुला ठावं हुतं?" मुलीला ठाऊक होते. परदेशात गेलेल्या शाकाहारी घरांत हा व्यवहार रूढ आहे: पहिल्या वर्षी विचारतात, दुसऱ्या वर्षी मेनूकार्ड वाचतात, तिसऱ्या वर्षी डोळे दुसरीकडे वळवतात. भात कोंबडीच्या रश्शात शिजतो, गव्हाच्या तोर्तियातही बहुधा चरबी असते. न विचारण्याने संसार सोपा होतो. युरोपने चुन्याविषयी विचारले नाही ते तुच्छतेने. मुलीने चरबीविषयी विचारणे सोडले ते थकून, आणि आई मुलुखावेगळ्या जागी काहीतरी आवडीने जेवते आहे हे पाहून. दोन्ही गोष्टी एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. पण आईंच्या ताटात जे आले त्यात फरक पडला नाही.

"विचारलं नव्हतं मी," मुलगी म्हणाली. ते खोटे होते, आणि आईंनी ते तसेच राहू दिले.

पुढचे दोन रविवार आईंनी एकादशीसारखे काढले. दूध आणि फळांवर. तिसऱ्या रविवारी त्या स्वतःहून गाडीत बसल्या. खानावळीत वाढणाऱ्या बाईंनी मडक्यातला घेवडा पुन्हा आणला; भांडे वेगळे आहे, पळी वेगळी आहे, हे नातीकरवी सांगितले. आईंनी ऐकून घेतले आणि मान हलवली. घेवडा त्यांनी त्या दिवशीही खाल्ला नाही, नंतरही नाही. मक्याच्या दोन तोर्तिया, मीठ आणि हिरवी मिरची एवढे मागून घेतले. त्याआधी कणकेचा एक गोळा मागवला, चिमटीत चोळून पाहिला, आणि चुना किती घालता, पाणी उकळल्यावर घालता की आधी, भिजायला किती वेळ ठेवता, हे सगळे एकेक करून विचारले. नात भाषांतर करीत राहिली. आतून स्वयंपाक करणारी बाई हात पुसत बाहेर आली आणि टेबलाशी उभी राहून बोटांनी प्रमाण दाखवू लागली.